पाच पायऱ्या आणि कंडक्टरबाई

आमच्या सोसायटीत सचिव निवडायची एक जुनी रीत होती. वार्षिक सभेला जो येणार नाही, त्याला सचिव करायचं. समोर बसलेला माणूस नाही म्हणू शकतो, न आलेला म्हणू शकत नाही, एवढा साधा विचार. निवडलेला गृहस्थ दोन महिने कुरकुर करायचा, मग काहीच करायचा नाही, आणि पुढच्या सभेला सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या खुर्चीत बसायचा. अशी बरीच वर्षं सुखाने गेली.

मग एका वर्षी कंडक्टरबाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या.

बाई सबंध नोकरीभर शहर बससेवेत कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन फार काळ लोटला नव्हता. उंचीला बेताच्या, चालताना पाय थोडे फाकून टाकायच्या, जमीन कधीही हलेल अशा बेताने. आवाज कधी चढवत नसत, पण तो मागच्या सीटपर्यंत पोचायचा. नातवाला न्हाऊमाखू घालून परत आल्या, तर फाटकातच वॉचमन हसत उभा.

"अभिनंदन बाई."

"नातू झाल्याचं तुला कोणी सांगितलं?"

"नातू झाला? मग डबल अभिनंदन. तुम्ही सेक्रेटरी झालात."

"मला कोणी विचारलं?"

"विचारायला तुम्ही कुठे होतात?"

घरी यजमानांना सांगितलं. ते पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आता स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे. ते म्हणाले, "अगं, जन्मभर तू लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणालीस. आता त्यांनी तुला सरकवलं."

बाई हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीवर चढून आत डोकावल्या. तिथेच आमच्या लोकांना आपली चूक कळायला हवी होती. गैरहजर माणसांत त्यांनी नेमकी अशी बाई गाठली होती, जी दिलेलं काम खरंच करते.

सचिवाच्या दाराला वेळ नसते. दुसऱ्या मजल्यावरच्या ओल्या कपड्यांचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या गादीवर पडलं, की पहिला मजला बाईंच्या दारात. कबुतरांना दाणे घालणारे आणि कबुतरांना शिव्या घालणारे, दोघंही बाईंच्या दारात, आणि दोघंही जेवणाच्या वेळी. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी तक्रार आणली की वरचे लोक दुपारभर खुर्च्या ओढतात, झोप म्हणून लागत नाही. बाई वर गेल्या, तर वरच्या घराला कुलूप होतं. खाली येऊन दंतवैद्यांच्या घरात कान देऊन उभ्या राहिल्या. आवाज पलीकडच्या खोलीतून येत होता. दंतवैद्यांच्या मातोश्री उन्हाच्या तिरिपेबरोबर आपली खुर्ची सरकवत होत्या.

"आता काय करायचं?" दंतवैद्यांनी विचारलं.

"आईची तक्रार सोसायटीकडे करता येत नाही," बाई म्हणाल्या. "खुर्चीच्या पायांना रबर लावा."

अशा गोष्टींचा बाईंना त्रास होत नसे. बसमध्ये याहून वाईट पाहिलं होतं. त्यांना त्रास झाला तो आमच्या होकाराचा.

त्यासाठी आमच्या इमारतीबद्दल थोडं सांगायला हवं. इमारत जुनी, चार मजली. लिफ्ट आहे, पण ती जमिनीवर उतरत नाही. खालच्या पार्किंगमधून पाच पायऱ्या चढल्यावर लिफ्टचं दार लागतं. बांधणाऱ्याने असं का केलं ते त्यालाच ठाऊक. धडधाकट माणसाला त्या पायऱ्या दिसतसुद्धा नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या घड्याळजींना मात्र त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. कोपऱ्यावर त्यांचं कपाटाएवढं दुकान आहे. एका आजारपणात पाय गेले, हात शाबूत राहिले. पाय नसले तरी घड्याळाला काय कळतंय, असं म्हणत ते चाकांच्या खुर्चीतून पुन्हा दुकानात जाऊ लागले. चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली, आणि मग त्या पाच पायऱ्यांवर दोघातिघांनी उचलून. रोज सकाळी त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत उभी असायची. कोणी घाईत, कोणाची कंबर धरलेली. माणसं वाईट नव्हती, पण रोजचं मरण त्याला कोण रडणार. एके सकाळी उचलणाऱ्यांतल्या एकाचा फोन वाजला, खुर्ची कलली, आणि घड्याळजी हत्यारांच्या पेटीसकट पायऱ्यांवरून खाली आले. फार लागलं नाही. बारीक बारीक स्क्रू वेचत वहिनी बराच वेळ जमिनीवर बसून होत्या.

त्यानंतर घड्याळजी खाली उतरेनात. दुकान बंद राहिलं. मेहुण्याने दूरच्या गावी बोलावलं होतं, तिथे तळमजल्यावर घर होतं. एक दलाल येऊन फ्लॅट बघून गेला. वहिनींनी बाईंना सांगितलं, "तिकडे गेले की हे नुसते बसून राहतील हो. तिथे यांना घड्याळजी म्हणून कोण ओळखतंय?"

"दलालाला थांबवा," बाई म्हणाल्या. "उतार बांधून घेते."

पायऱ्यांच्या डाव्या अंगाने सिमेंटचा उतार काढायचा, तो वळून खाली आणायचा. गवंड्याने जागा बघितली, मान डोलावली. फक्त उतार जिथे जमिनीला टेकणार, तिथे चेअरमनसाहेबांची गाडी उभी असायची.

साहेब सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, एकटे राहायचे. रोज सकाळी बादली घेऊन खाली येत आणि गाडी अशी पुसत की तिच्यात भांग पाडता यावा. मग आत बसून वर्तमानपत्र वाचत. बाईंनी त्यांना फाटकाजवळची आपल्या वाट्याची पार्किंगची जागा देऊ केली. तिथे सावली होती, गाडी काढायलाही सोपं. सभेत साहेब म्हणाले, "जरूर. माणुसकीचा प्रश्न आहे." सगळ्यांनी हात वर केले. एकसुद्धा हात खाली नव्हता.

सभा पहिल्या मजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत होते आणि चपला बाहेर असतात. आमची खरी सभा त्या चपला घालताना भरते. एक पाय चपलेत, एक बाहेर, हात भिंतीला, अशा अवस्थेत आमच्या लोकांना सत्य सुचतं.

"उतार म्हटला की पोरं सायकली घेऊन घुसणार."

"मी आपला हात वर केला, म्हटलं बरं दिसत नाही."

"साहेबांची गाडी हलवायची म्हणजे जरा अतीच होतंय."

बाई खोलीत खुर्च्या रचत होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं.

ठरल्या दिवशी गवंडी आला, तर गाडी जागेवर. साहेब म्हणाले, "ठरलंय, मी नाही म्हणत नाही. पण कधीपासून ते कुठे ठरलंय?" पुढच्या खेपेला त्यांना सर्दी झाली होती. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, वाहतूक खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारतो. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. गवंडी बाईंना म्हणाला, "बाई, मी घोडा का गाढव ते एकदा ठरवा. आणता आणि परत पाठवता."

बाई दारोदार फिरल्या. प्रत्येक जण म्हणाला, "आमची ना नाहीच." दंतवैद्य म्हणाले, "तुम्ही उगीच वाईटपणा घेताय. राजीनामा देऊन मोकळ्या व्हा."

"मोकळी व्हायला मी काय दाव्याला बांधलेली गाय आहे?" बाई म्हणाल्या. "मला न विचारता बसवलंत. आता मला विचारल्याशिवाय उठवता येणार नाही."

ते उत्तर साहेबांपर्यंत पोचलं. त्यांनी खास सभा बोलावली. विषय एकच, सचिव बदलणे.

त्या संध्याकाळी खोली भरली होती. इतकी माणसं एरवी पाणी बंद असलं तरी जमत नाहीत. साहेबांनी घसा साफ केला. बाई त्यांच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. तेवढ्यात दारात वहिनी आल्या. घड्याळजींना तपासणीसाठी दवाखान्यात नेलं होतं, दवाखान्याच्या गाडीने आत्ताच खाली सोडलं होतं.

"जरा दोघं-तिघं खाली या ना," वहिनी संकोचून म्हणाल्या. "यांना वर घ्यायचंय."

दोघं उठले, एकाने उसासा टाकला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "घड्याळजी सभासद आहेत ना? सभासद आलेत आणि अजून बाहेर आहेत. मग सभा सुरू कशी होईल?"

"त्यांना त्यांच्या घरी पोचवा," साहेब म्हणाले. "आपण सुरू करू."

"साहेब, पायरीवर माणूस लटकत असताना मी कधी घंटा दिली नाही. ड्रायव्हर ओरडायचा, मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या, तरी नाही. आज काय म्हणून देऊ?"

बाई खाली निघाल्या. दोघं उचलणारे मागे निघाले. मग काय होतंय ते बघायला बाकीचे निघाले, आणि रिकाम्या खोलीत एकटं बसणं चेअरमनला शोभत नाही म्हणून शेवटी साहेबही आले.

घड्याळजी पायऱ्यांच्या खालच्या अंगाला आपल्या खुर्चीत बसले होते. दोघांनी नेहमीप्रमाणे बाह्या सरसावून खुर्चीला हात घातला. घड्याळजींनी दोन्ही चाकं घट्ट धरली.

"हात काढा."

"अहो, वर नेतोय."

"नको. मी सिलिंडर नाही."

वहिनी पुढे झाल्या. "असं काय करता? रात्रभर इथेच बसणार का?"

"बसेन. इथं हवा चांगली आहे." मग ते आमच्याकडे वळले. या माणसाला आम्ही कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि आताही त्यांनी चढवला नाही. "तुमचे उपकार आहेत. इतके दिवस उचललंत. पण रोज सकाळी आज कोणाचे पाय धरायचे म्हणून ही पायऱ्यांशी उभी राहायची, ते मला वरून दिसायचं. आजपासून मला कोणी उचलायचं नाही. उतार करणार असाल तर सांगा. करणार नसाल तर तेही इथंच, माझ्या तोंडावर सांगा. उद्या दलाल येणार आहे, मी त्याला हो म्हणतो."

इथे चपला पायातच होत्या, त्यामुळे मागाहून बोलायची सोय नव्हती.

"सभा इथेच सुरू होते आहे," बाई म्हणाल्या. "मला काढायचा विषय आहे, तो नंतर घेऊ. आधी उतार. ज्यांना नको असेल त्यांनी घड्याळजींकडे बघून नको म्हणावं."

कोणीतरी खोकलं. दंतवैद्य आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "आमची ना नाहीच."

"तुमची ना नाही हे मला पाठ झालंय, डॉक्टर. हो आहे का?"

दंतवैद्यांनी मान वर केली. "हो."

एकेक करून हो आलं. काहींचं ओठातल्या ओठात आलं, पण आलं. शेवटी सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेब गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते.

"ही जागा माझी आहे," ते म्हणाले. "इमारत झाली तेव्हापासून. या आवारात पहिली गाडी माझी आली."

"जागा तुमचीच आहे. मी माझी देते बदली. सावलीतली."

"मला सावली नकोय."

"मग काय हवंय? सर्दी झाली, ओळखीचा माणूस झाला. साहेब, एक कारण खरं सांगा. खरं असेल तर मी आत्ता सगळ्यांसमोर सचिवपद सोडते."

साहेब लाल झाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, दार उघडून आत बसले. आम्हाला वाटलं, आता गाडी निघणार. किल्ली फिरवल्याचा बारीक आवाज आला. मग काहीच नाही. पुन्हा फिरवली. गाडी आरशासारखी चकचकीत, आणि आत हूं नाही की चूं नाही. तेव्हा आमचं लक्ष खाली गेलं. टायर जमिनीवर पोळीसारखे पसरले होते. साहेबांना रोज गाडी पुसताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. ती फाटकाबाहेर जाताना शेवटची कधी पाहिली, ते कोणालाच आठवेना.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी नुसती मान वळवून पाहिलं. हसणं जागच्या जागी विरलं.

बाई गाडीच्या खिडकीशी गेल्या. साहेब स्टिअरिंग धरून समोर बघत होते.

"डोळे का?" बाईंनी हळूच विचारलं.

"डॉक्टरने चालवू नको म्हणून सांगितलंय," साहेब म्हणाले. "मुलगी म्हणते विकून टाका. ही इथून हलली की लोक विचारणार, का हो, चालवत का नाही. मग मी काय सांगू? हे खरं कारण आहे."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "मी शब्द दिला होता, पद सोडते. गाडी फाटकापाशी लागली की सोडते, त्याच्या आधी नाही. उतरू नका. बसूनच राहा."

"का?"

"गाडी तुमची आहे. स्टिअरिंगवर तुम्हीच बसायला हवं. आमच्या कितीतरी बस मी पॅसेंजरांकडून ढकलून घेतल्यात." मग त्या आमच्याकडे वळल्या, आणि तो मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज निघाला. "उचलायला यायचात ना सगळे? या. आज माणूस नाही उचलायचा. गाडी ढकलायची."

दंतवैद्यांनी कोट काढून वहिनींकडे दिला. कबुतरांना दाणे घालणारे आणि शिव्या घालणारे मागच्या डिकीला शेजारी शेजारी भिडले. बाईंचे यजमान हात पुसत वरून धावत आले, "अगं, मला कोणी बोलावलं नाही," म्हणत. बसके टायर जागा सोडेनात. गाडी थोडी हलायची आणि परत मागे यायची.

"सगळे एकदम," घड्याळजी खुर्चीतून म्हणाले. "असे वेगवेगळे ढकलत राहिलात तर ती आपली झोपाळ्यावर बसल्यासारखी झुलेल."

मग सगळे एकदम झाले. गाडी कुरकुरत निघाली. साहेबांनी ताठ बसून स्टिअरिंग वळवलं. बाई पुढे उलट्या पावलांनी चालत हात दाखवत होत्या, "डावीकडे, अजून, आणखी थोडं, बस." फाटकाजवळच्या सावलीत गाडी थांबली. साहेब उतरले, दाराला किल्ली लावली, खेचून बघितलं आणि म्हणाले, "वाकडी लागली आहे."

"राहू द्या वाकडी," बाई म्हणाल्या. "हं, आता माझं पद. सोडलं. घ्या दुसरा विषय."

दुसरा विषय साहेबांनीच मांडला होता, त्यामुळे सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेब रुमालाने हात पुसत राहिले.

"नवा सचिव सुचवा," बाई म्हणाल्या. "इथं सगळे हजर आहेत. कोण होतंय?"

जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला.

"मग मी माझं नाव सुचवते. पण एक सांगते. मागच्या वेळी मला न विचारता केलंत, म्हणून मी तुमच्या दारोदार हिंडले. आता मी आपणहून उभी आहे. आता मी हिंडणार नाही. सभेत जो हो म्हणेल त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी काम घेईन. चपला घालताना काय बोलायचं ते आपापल्या घरी बोला."

"हे जरा दमदाटीसारखं वाटतंय," दंतवैद्य म्हणाले.

"दमदाटीच आहे."

साहेबांनी हात वर केला. मग आमचेही गेले. घड्याळजी त्या संध्याकाळी वर गेले ते उचलूनच, दुसरा उपाय नव्हता. पण ते आधी म्हणाले, "ही शेवटची." आणि उचलणाऱ्या प्रत्येकाने मान हलवली.

गवंडी सकाळीच आला. बाई फळ्या धरून उभ्या राहिल्या. साहेबही आले, बादलीशिवाय. उतार फार उभा होतोय, म्हणाले. गवंडी म्हणाला, नाही. साहेब म्हणाले, मी सरकारी रस्ते केलेत. गवंडी म्हणाला, त्या रस्त्यांवरूनच रोज येतो मी. बाईंनी दोघांनाही गप्प केलं आणि उतार थोडा लांबवून घेतला. सिमेंट ओलं असेपर्यंत त्यांनी पायऱ्यांशी खुर्ची टाकली आणि चुकून पाय देणाऱ्या प्रत्येकाला तिथून परतवलं. दलाल आला, त्यालाही तिथूनच परतवलं. "वर जायचंय? घर विकायचं नाहीये. आणि सिमेंट ओलं आहे."

मी बाईंना एकदा विचारलं, इतकं कशाला अंगावर घेता? त्या म्हणाल्या, "बसमध्ये माणूस चढला की त्याचा स्टॉप येईपर्यंत तो माझा. घड्याळजींचा स्टॉप अजून आलेला नाही."

सिमेंट पक्कं झालं त्या सकाळी घड्याळजी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन लिफ्टमधून बाहेर आले. आम्ही बरेच जण काहीतरी कामाचं निमित्त काढून पार्किंगमध्ये होतो. ते उतरणीच्या तोंडाशी थांबले, चाकांवर हात ठेवले आणि हळूहळू खाली आले. वळणावर खुर्ची भिंतीला घासली. कोणीतरी पुढे झालं. बाईंनी हात आडवा धरला. घड्याळजींनी खुर्ची मागे घेतली, सरळ केली, खाली उतरले आणि फाटकाबाहेर गेले. मागे वळून कोणाकडे पाहिलं नाही.

खरी परीक्षा संध्याकाळी होती. उतरणं सोपं, चढणं अवघड. अर्ध्यावर आल्यावर त्यांचे दंड थरथरू लागले. खुर्ची थांबली. वहिनींनी तोंडावर पदर धरला. वर लिफ्टचं दार साहेब धरून उभे होते, आणि आत अडकलेली दोन माणसं त्यांना दार सोडा म्हणत होती. साहेब त्यांच्यावर खेकसले, "जिन्याने जा. पाय आहेत ना?"

"हात लावू का?" बाईंनी घड्याळजींना विचारलं.

"लावून बघा," घड्याळजी दात आवळून म्हणाले.

बाईंनी हात पाठीमागे बांधून घेतले. घड्याळजी तिथे बराच वेळ चाकं धरून थांबले, श्वास घेतला, आणि पुन्हा लोटायला लागले. एक हात, थोडी विश्रांती, एक हात. वर पोचले तेव्हा घामाने निथळत होते. लिफ्टमध्ये शिरून त्यांनी खुर्ची वळवली आणि साहेबांना म्हणाले, "दार सोडा आता."